ट्रॅक दोन पावसाळ्यांत उखडला, बागेच्या देखभालीचं बजेट नेमकं कुठून येतं? जाणकारांनी सांगा

पहाटफेरी:
नमस्कार मंडळी. मराठवाड्यातल्याच एका जिल्ह्याच्या गावी राहतो, गावाचं नाव मुद्दाम टाकत नाही कारण मला कुणाशी भांडायचं नाहीये, काम करून घ्यायचंय. घरापासून चालत सात मिनिटांवर बाग आहे, साधारण अडीच एकर, कडेनं साडेचारशे मीटरचा ट्रॅक. कुठल्यातरी योजनेतून पैसा आला आणि ही बाग झाली तेव्हा खरं सांगतो डोळ्यात पाणी आलं होतं, कारण तोपर्यंत आमच्या भागात म्हाताऱ्या माणसाला सकाळी चालायचं तर हायवेच्या कडेनं ट्रकची धूळ खातच चालावं लागायचं. पेव्हर ब्लॉक, लॉन, ओपन जिम, आठ खांबांवर लाईट, लेडीज जेन्ट्स टॉयलेट, सगळं होतं.

आता दोन पावसाळे झाले. पहिल्याच पावसात ट्रॅक जागोजागी फुगला, उन्हाळ्यात त्याच जागा खचल्या, ब्लॉक खालीवर झाले. बोअर मार्चमध्ये आटतो, लॉन जळून गेलं, उरलेल्या जागेत गाजरगवत कंबरेएवढं. आठपैकी दोन लाईट चालू. टॉयलेटला कुलूप, चावी कुणाकडे ते कुणालाच माहीत नाही. गेल्या महिन्यात माझे वडील, वय ७१, वर आलेल्या ब्लॉकला ठेचकाळून पडले, उजवं मनगट मोडलं, प्लास्टर अजून आहे. त्यांना घरात बसवत नाही आणि बाहेर पाठवायची माझी हिंमत होईना.

रोज येणारे आम्ही वीस-पंचवीस जण निवेदन घेऊन गेलो. साहेब नीट बोलले, पण म्हणाले की बांधायला निधी येतो, देखभालीला हेडच नाही म्हणजे बजेटमध्ये त्याची ओळच नाही, तुम्ही मंडळ करून बाग दत्तक घ्या नाहीतर आम्ही माणशी दहा रुपये तिकीट लावतो. आणि त्याच टेबलावर त्याच बागेत म्युझिकल कारंजं बसवायचा प्रस्ताव होता, मी माझ्या डोळ्यांनी बघितला. कारंज्याला पैसे आहेत आणि बारा ब्लॉक बसवायला नाहीत हे कसं काय? बागेच्या देखभालीचे पैसे बजेटमध्ये कोण टाकतं, कधी टाकतं, आपण कुठल्या टप्प्यावर बोलायचं? दत्तक घ्यावी का? तिकीट असावं का? ज्यांनी हे आतून बघितलंय त्यांनी जरा सविस्तर सांगा.

निवृत्त_ओव्हरसियर:
नगरपालिकेच्या बांधकाम विभागात नोकरी केली, तुमच्या जिल्ह्यात नाही, आता रिटायर आहे. आधी वडिलांच्या तब्येतीची काळजी घ्या, त्या वयात मनगटानंतर पडायची भीती मनात बसते ती हाडापेक्षा वाईट असते, त्यांना हळूहळू सपाट जागेवर का होईना चालवत राहा.

तुमच्या साहेबांनी खोटं सांगितलं नाही, पण पूर्णही सांगितलं नाही. पालिकेला दोन खिसे असतात. एक भांडवली, दुसरा महसुली. बाग बांधायचा पैसा भांडवली खिशात येतो आणि तो बहुतेक वेळा बाहेरून येतो, शासनाची नगरोत्थान योजना, डीपीसी म्हणजे जिल्हा नियोजन समिती, वैशिष्ट्यपूर्ण कामांचं अनुदान, नाहीतर अमृत. २०१५ ची अमृत योजना आठवत असेल, पाणी आणि ड्रेनेजची होती पण त्यात अडीच टक्क्यांपर्यंत पैसा बागा आणि हिरव्या जागांना ठेवला होता, आपल्याकडची जिल्ह्याची बरीच गावं आणि उदगीरसुद्धा त्या यादीत होतं. हा सगळा पैसा वस्तू घेण्याचा पैसा आहे. त्यातून खांब येतो, खांबावर जळणाऱ्या दिव्याचं बिल येत नाही. माळ्याचा पगार, वॉचमन, पाण्याचा टँकर, मोटर रिवाइंडिंग, झाडू, खराटे, हे सगळं महसुली खिशातून, आणि तो खिसा भरायचा घरपट्टी, गाळेभाडं, बांधकाम परवानगीची फी आणि शासनाच्या मोजक्या अनुदानातून. त्यातून आधी पगार आणि पेन्शन, मग पाणीपुरवठ्याचं लाईट बिल, मग कचरा. बागेचा नंबर येईपर्यंत खिशात सुटे पैसे उरलेले असतात. त्यामुळे कारंजं मंजूर होतं आणि ब्लॉक बसत नाही, यात कुणाचा दुष्टपणा असायलाच पाहिजे असं नाही, रचनाच तशी आहे.

कायदापण तसाच आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीच्या बाराव्या परिशिष्टात उद्यानं आणि मैदानं ही शहराच्या संस्थेची कामं म्हणून लिहिलेली आहेत, १९९३ पासून लागू आहे ते. पण महापालिकेच्या १९४९ च्या अधिनियमात कलम ६३ म्हणजे करावीच लागणारी कामं आणि कलम ६६ म्हणजे ऐच्छिक कामं, आणि बाग बसते दुसऱ्यात. नगरपरिषदेच्या १९६५ च्या कायद्यात कलम ४९ मध्ये तसंच आहे. म्हणजे पैसा कमी पडला की पहिली कात्री कुठं लागणार ते कायद्यानेच सांगून ठेवलंय. म्हणून बागेसाठी मागे लागायला माणसं लागतात, आपोआप काही मिळत नाही.

आता काय करायचं ते सांगतो. पहिलं म्हणजे बजेटचं पुस्तक मिळवा. 'हेडच नाही' हे ऐकून परत येऊ नका, उद्यान देखभाल दुरुस्ती असं लेखाशीर्ष बहुतेक ठिकाणी असतं. त्याच्यासमोर आकड्यांचे रकाने असतात, मागच्या वर्षीचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाची तरतूद. लोक पुढच्या वर्षाचा आकडा वाचून टाळ्या वाजवतात. तुम्ही प्रत्यक्ष खर्चाचा रकाना वाचा. तरतूद वीस लाख आणि खर्च दोन लाख असेल तर भांडण तरतुदीचं नाहीच, खर्च का झाला नाही त्याचं आहे. त्यात बरेचदा जुन्या बिलांचं दायित्व असतं, म्हणजे यंदाच्या तरतुदीतून आधी मागच्या ठेकेदारांची थकलेली बिलं जातात आणि नवीन कामाला काही राहत नाही.

दुसरं, वेळ. विभाग आपली मागणी दिवाळीनंतर लेखा विभागाकडे द्यायला लागतात, महापालिका असेल तर फेब्रुवारीत आयुक्तांकडून स्थायी समितीकडे जातं, मग सर्वसाधारण सभा, ३१ मार्चच्या आत मंजुरी. लोक निवेदन घेऊन येतात मे महिन्यात, झाडं वाळल्यावर. तेव्हा पुस्तक बंद झालेलं असतं. तुमचं निवेदन नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये उद्यान विभाग आणि लेखा विभाग दोघांच्या आवक नंबरवर पाहिजे आणि त्यात आकडे पाहिजेत, भावना नको.

तिसरं आणि तुमच्या कामाचं सगळ्यात तातडीचं. दोनच पावसाळे झालेत म्हणता, मग ठेकेदाराच्या करारात दोष दायित्व कालावधी किती आहे ते लगेच बघा. तो संपलेला नसेल तर ट्रॅक ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायचा असतो, त्याची सुरक्षा ठेव पालिकेकडे त्यासाठीच अडकवलेली असते. आणि तोपर्यंत तुम्ही स्वतः एकही ब्लॉक हलवू नका, वर्गणी काढून दुरुस्ती तर अजिबात नको. पालिकेने जागेवर येऊन पंचनामा करू दे. तुम्ही हात लावला की ठेकेदार म्हणणार लोकांनी खराब केलं.

लातूरची_ताई:
काकांनी पैशाचं सांगितलं, मी पाण्याचं सांगते कारण आमच्याकडे पाण्यावाचून काय होतं ते अख्ख्या देशानं बघितलंय. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं आम्हाला. त्या उन्हाळ्यात माझा मुलगा दुसरीत होता, आम्ही भांडी घासलेलं पाणी बादलीत धरून ठेवायचो आणि तो संध्याकाळी गेटसमोरच्या कडुलिंबाला नेऊन टाकायचा. ते झाड आज दोन मजल्यांएवढं आहे. त्या दिवसापासून मला कुठं लॉन दिसलं की जीव तुटतो.

हिशोब साधा आहे. एक मिलीमीटर पाणी एका चौरस मीटरवर म्हणजे एक लिटर. उन्हाळ्यात लॉनला रोज पाच मिलीमीटर तर लागतंच, आपल्या उन्हात जास्तच. एक एकर म्हणजे चार हजार चौरस मीटरच्या थोडं वर. म्हणजे एक एकर लॉन रोज वीस हजार लिटर पितं, पाच हजारवाले चार टँकर, रोज. आणि आपल्या मराठवाड्यात पाऊस पडतो वर्षाला सरासरी ६८० मिलीमीटरच्या आसपास, तोही चार महिन्यांत, मध्ये महिना महिना उघाड. ज्यांनी तुमच्या बागेच्या अंदाजपत्रकात लॉन लिहिलं त्यांनी त्या दिवशीच तिचा उन्हाळा लिहून ठेवला होता.

तेवढ्याच जागेत शंभर झाडं लावली तर तीन वर्षं आठवड्यातून दोनदा वीस-वीस लिटर, म्हणजे आठवड्याला चार हजार लिटर, आठवड्याला एक टँकरसुद्धा पूर्ण लागत नाही. आणि तीन वर्षांनी कडुलिंब, करंज, शिरीष, चिंच ही झाडं आपली आपण जगतात. बहावा लावा, उन्हाळ्यात पिवळा होतो तेव्हा लोक त्याच्याखालीच बसतात. सावलीत चालणाऱ्या माणसाला लॉनची आठवण येत नाही. खाली गवत पावसाळ्यापुरतं येऊ द्या, दसऱ्यानंतर कापून झाडांच्या आळ्यातच टाका, ओल टिकते.

आमच्या कॉलनीच्या ओपन स्पेसवर आम्ही सात बायका आहोत, वार वाटून घेतलेत. माझा गुरुवार. पहिल्या वर्षी पन्नासातली एकोणीस रोपं गेली, बकऱ्यांनी खाल्ली, कुणी गाडी लावली, एक तर लग्नाच्या मांडवाला आड आलं म्हणून उपटलं. दुसऱ्या वर्षी काट्याचं कुंपण केलं आणि प्रत्येक रोपाला एका घरातल्या लेकराचं नाव दिलं, तेव्हापासून कुणी हात लावत नाही.

टेकडीवाला:
मी संभाजीनगरचा, गोगाबाबा टेकडी आणि इथल्याच सातारा भागातल्या डोंगरावर वीसेक वर्षं सकाळी चालतोय, पेशानं सिव्हिलचा माणूस. पेव्हर ब्लॉकबद्दल बोलायलाच पाहिजे.

भाऊ, तुमचा ट्रॅक फुगला आणि खचला म्हणता तिथंच रोग कळला. खाली काळी माती आहे. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, शेतकऱ्याच्या पोराला हे सांगायला नको. तिच्यावर चार इंच कच टाकून ब्लॉक बसवला तर तो दरवर्षी मातीबरोबर वरखाली होणारच, कितीही भारी ब्लॉक आणा. आधी काळी माती फूट-दीड फूट काढून फेकायची, तिथं मुरूम थराथरानं पाणी मारून रोलरनं दाबायचा, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पाण्याला बाजूनं जायला नाली ठेवायची. ट्रॅकच्या खाली पाणी मुरलंच नाही तर माती हलणार नाही. दुरुस्तीच्या अंदाजपत्रकात 'पेव्हर ब्लॉक काढून पुन्हा बसवणे' एवढीच ओळ असेल तर सही करू देऊ नका, खालचा थर आणि नाली नसेल तर पुढच्या श्रावणात तुम्ही परत इथं प्रश्न टाकाल.

आणि मी तर म्हणतो चालायला ब्लॉक पाहिजेच कशाला. चांगला दाबलेला मुरूम गुडघ्याला मऊ लागतो, म्हातारी माणसं त्यावर ठेचकाळत नाहीत, आणि दुरुस्ती म्हणजे दरवर्षी पावसाळ्यानंतर एक ट्रॅक्टर मुरूम आणि एक दिवस रोलर, ते माळीसुद्धा करून घेऊ शकतो. दोन मीटर रुंदीला चार-पाच सेंटीमीटर ढाळ द्या, बस. ब्लॉकचं काम केलं की मोठं बिल निघतं आणि उद्घाटनाचा फोटो चांगला येतो, मुरमाचा येत नाही, पण चालणाऱ्याच्या पायाला विचारा.

ज्यांच्या गावाला टेकडी आहे त्यांच्यासाठी दोन शब्द, कारण पाऊलवाटेला बजेटमध्ये कुणी मोजतच नाही. वाट बिघडते ती पाण्यानं, आणि पाण्याला रस्ता माणूसच करून देतो, वळण टाळून सरळ उतारानं शॉर्टकट मारला की दोन पावसात त्याची घळ होते. आम्ही पावसाळ्याआधी दोन रविवार घालतो. शॉर्टकटच्या तोंडावर बोराट्या टाकतो, वाटेवर थोड्या तिरप्या दगडी आडपट्ट्या बसवतो म्हणजे पाणी बाजूला उतरतं, वाहत सुटत नाही. आणि जानेवारीत वाटेच्या दोन्ही बाजूंचं वाळलेलं गवत कापतो, कारण फेब्रुवारीनंतर एखाद्या बिडीनं अख्खी टेकडी जळते आणि तीन वर्षांची रोपं एका दुपारी जातात. वनखात्याची हद्द असेल तर त्यांना विचारूनच करायचं, जाळरेषा, म्हणजे आग पसरू नये म्हणून मोकळा केलेला पट्टा, तेच काढतात. यात खर्च म्हणाल तर फावडी, हातमोजे आणि नाष्टा.

सोळाशे_मीटर:
तिकीट लावू नका प्लीज. मी खेड्यातून येऊन रूम करून राहतो, पोलीस भरतीची तयारी करायलोय. आमच्यासारखी पंधरा-वीस पोरं आणि सहा-सात पोरी पहाटे साडेचारला बागेत असतात, पोरांना १६०० मीटर आणि पोरींना ८०० मीटर मारायचं असतं ग्राउंडला. दिवसाला दहा म्हणजे महिन्याला तीनशे रुपये, तेवढ्यात माझं आठवड्याचं दूध होतं. तिकीट लागलं की आम्ही परत हायवेवर जाणार, आणि अंधारात हायवेवर पळणाऱ्या पोरांचं काय होतं ते पेपरात येतं मग. भाजी विकणाऱ्या मावश्या दुपारी बागेत डबा खायला बसतात, त्या पण येणार नाहीत. ज्याच्या घरी अंगण आहे तो तिकीट काढील, ज्याला बागेची खरी गरज आहे तोच बाहेर राहील.

आम्ही काम करायला तयार आहोत. रविवारी गवत काढायचं म्हणा, मुरूम पसरायचा म्हणा, आम्ही येतो. फक्त एक करा, ट्रॅक टेपनं मोजून दर शंभर मीटरला खूण करा, आम्हाला अंदाजानं पळावं लागतंय.

सातनंतर:
सगळे सकाळचं बोलायलेत. मी नोकरी करते, मला वेळ मिळतो संध्याकाळी सातनंतर. आठातले दोन लाईट म्हणजे आमच्यासाठी बाग बंदच आहे. टॉयलेटला कुलूप म्हणजे पाऊण तासाच्या वर कुणी बाई तिथं थांबत नाही, लेकरं घेऊन तर नाहीच. बजेट मागताना आधी दिवे आणि टॉयलेट मागा, ट्रॅकच्या आधी. आणि टॉयलेट साफ करायला बाई ठेवली तर तिच्या पगाराची ओळ त्यात पाहिजे, नाहीतर परत कुलूप.

पहाटफेरी:
सगळ्यांचे मनापासून आभार. ताईंचा पाण्याचा हिशोब वडिलांना वाचून दाखवला, ते म्हणाले आपल्या वावरात कुणी असलं पीक घेतलं असतं का. सातनंतर ताई, तुमचं बरोबर आहे, आमच्या निवेदनावर सह्या सगळ्या पुरुषांच्या होत्या हे तुमचं वाचून लक्षात आलं, लाज वाटली. दिवे आणि टॉयलेट वर घेतो.

ओव्हरसियर काका, दत्तकचं राहिलं. आमच्यात दोघंतिघं म्हणतात घेऊन टाकू, वर्गणी काढू, एखाद्या कंपनीचा सीएसआर म्हणजे सामाजिक कामाचा पैसा बघू. आणि करारनामा बघायचा कुठं, अर्ज केला की महिना जाणार.

निवृत्त_ओव्हरसियर:
महिना घालवू नका. २०१८ चा शासन निर्णय आहे, महापालिका नगरपालिका आणि जिल्ह्यातल्या कार्यालयांनी दर सोमवारी दुपारी तीन ते पाच नागरिकांना फायली बघू द्यायच्या, सोमवारी सुट्टी असली तर पुढच्या कामाच्या दिवशी. सरळ जा, बागेच्या कामाची फाईल मागा. कार्यारंभ आदेश, करार, मोजमाप पुस्तिका (झालेल्या कामाची मापं लिहितात ती) आणि शेवटचं बिल बघा. ज्या पानांची प्रत पाहिजे तेवढ्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज करा, दहा रुपयाचा, एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत, नाहीतर तेवढ्या कारणावरून परत करतात.

दत्तकबद्दल माझं मत स्पष्ट आहे. श्रम द्या, लक्ष द्या, पण पगार आणि लाईट बिल अंगावर घेऊ नका. चोवीस तास वॉचमन म्हणजे तीन पाळ्यांचे तीन आणि साप्ताहिक सुट्टीला एक, चार माणसं झाली, किमान वेतन आणि पीएफ धरून वर्गणीतून हे दोन वर्षं निघेल, तिसऱ्या वर्षी तुमच्या मंडळातले दोघं बदली होऊन जातील, एक आजारी पडेल, आणि पालिकेच्या पुस्तकातून तोपर्यंत ती ओळ कायमची गेलेली असेल. गेलेली ओळ परत आणणं फार अवघड, हे मी टेबलाच्या आतल्या बाजूनं बघितलंय. सीएसआरचंही तसंच, २०१३ च्या कंपनी कायद्यानं ज्यांना लागू आहे त्या कंपन्यांना नफ्याच्या दोन टक्के खर्च करायचे असतात, पण तो पैसा बोर्ड लावता येईल अशा गोष्टीला लवकर येतो. घ्यायचाच तर पाच वर्षांच्या देखभालीसकट लेखी घ्या. संभाजीनगरला खाम नदीच्या काठाचं काम झालं त्यात पालिका, कंपन्या आणि लोक तिघं होते, पालिका बाजूला झाली नव्हती.

अजून एक, तुमच्या घरपट्टीच्या पावतीवर वृक्ष कर आहे का बघा. १९७५ च्या झाडांच्या कायद्याखाली तो घेतात, पालिकेतल्या वृक्ष प्राधिकरणाचं अंदाजपत्रकच वेगळं असतं, आणि तो पैसा झाडं लावणं, जगवणं, रोपवाटिका यालाच आहे. तुमच्या बागेतल्या झाडांचं पाणी, आळी, माळी यासाठी तिथून मागा. ब्लॉकला आणि दिव्याला तो चालत नाही. म्हणजे एकाच बागेसाठी दोन दारं ठोठवायची आहेत.

आणि पुण्यात २००६ पासून नागरिकांना आपल्या प्रभागातलं पाच लाखांपर्यंतचं काम बजेटसाठी सुचवता येतं, साधा फॉर्म भरून. आपल्याकडे तसा फॉर्म नसला तरी तुमचं निवेदन त्याच पद्धतीनं लिहा, काम, जागा, मोजमाप, अंदाजे रक्कम. वाचणारा लेखापाल आहे हे धरून लिहा.

गोदाकाठ:
नांदेडहून. थोडं विषय सोडून पण गरजेचं. बाग आहे तोवर सांभाळा कारण मोकळी जागा एकदा गेली की गेली. ज्यांच्या कॉलनीत बाग नाही त्यांनी आपला मंजूर लेआउट काढून बघा. राज्याच्या २०२० च्या बांधकाम नियमावलीप्रमाणे ०.४ हेक्टर आणि त्यावरच्या लेआउटला दहा टक्के मोकळी जागा सोडावीच लागते, कितीतरी ठिकाणी ती कागदावर आहे आणि जागेवर कुणाची तरी चारचाकी नाहीतर शेड आहे. सार्वजनिक बागेत मैदानात नवीन अनधिकृत धार्मिक बांधकाम होऊ द्यायचं नाही हा सुप्रीम कोर्टाचा आदेश २९ सप्टेंबर २००९ चा आहे, कुठल्याही धर्माचं असो. आणि १९९१ मध्ये बंगळुरूच्या एका प्रकरणात कोर्टानं बागेची जागा खाजगी हॉस्पिटललासुद्धा द्यायला नकार दिला होता.

विकास आराखड्यातलं बागेचं आरक्षण असेल तर अजून सावध राहा, दहा वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही तर मालक नगररचना कायद्याच्या कलम १२७ ची नोटीस देतो आणि पुढच्या २४ महिन्यांत पालिकेनं पावलं उचलली नाहीत तर आरक्षण संपतं. आमच्या ओळखीतल्या एका वस्तीत लोकांना हे कळलं तेव्हा तिथं फाउंडेशनचे खड्डे खणून झाले होते. तिथल्या लेकरांना आता खेळायला पाण्याच्या टाकीखालचा सिमेंटचा चौथरा आहे, तेवढाच.

लातूरची_ताई:
पहाटफेरी भाऊ, कारंज्याचं काय करणार? त्याला पण पाणी आणि लाईट लागणार, मोटर वर्षात जळणार.

पहाटफेरी:
ताई, कारंज्याला सरळ विरोध करणार नाही असं आमचं ठरलं. काकांनी सांगितलं त्या भाषेत लिहिलंय की कोणतंही नवीन काम घ्यायच्या आधी त्याच्या पाच वर्षांच्या देखभालीचा खर्च, पाण्याचा स्रोत आणि तो कुठल्या लेखाशीर्षातून जाणार हे प्रस्तावात दाखवावं, आणि तेवढी सोय नसेल तर तोच निधी त्याच बागेतली काळी माती काढून मुरूम भरायला आणि नालीला वळवता येतो का ते तपासावं. ते पण भांडवली कामच आहे ना, टेकडीवाले दादा? त्यामुळे खिसा बदलायची गरज नाही.

टेकडीवाला:
अगदी बरोबर. खालचा थर आणि नाली भांडवली कामात बसतं. अंदाजपत्रकाचा कच्चा मसुदा मी करून देतो, ट्रॅकची रुंदी आणि किती ठिकाणी खचलाय ते कळवा. पैसे वगैरे नको.

पहाटफेरी:
सोमवारी तीन वाजता आम्ही चौघं जातोय फाईल बघायला, त्यात शेजारच्या दोन वहिनी पण आहेत. सोळाशे मीटर भाऊ, आमच्या बागेत पण तुमच्यासारखीच पोरं पळतात, काल पहाटे त्यांना टेप धरायला लावली, ट्रॅक साडेचारशे नाहीये, ४१८ मीटर निघाला. मोजमाप पुस्तिकेत किती लिहिलाय ते बघणारच आहे आता.

खचलेल्या जागा मोजायला मी निघालो तर वडील म्हणाले मला पाठ आहेत, रोज पाय चुकवतच चालत होतो, कागद आण. उजवा हात प्लास्टरमध्ये, डाव्या हातानं त्यांनी ट्रॅकचा नकाशा काढलाय, कोपऱ्यातली चिंच, बंद बोअर, गेट, सगळं दाखवून, आणि प्रत्येक जागेवर फुली. सतरा फुल्या आहेत. नवव्या फुलीपाशी ते पडले होते. जाऊन बघितलं, एकही चुकलेली नाही.

निवृत्त_ओव्हरसियर:
४१८ चा आकडा मोजमाप पुस्तिका बघेपर्यंत कुणाला सांगू नका. नकाशाची झेरॉक्स निवेदनाला जोडा, मूळ कागद देऊ नका, तो घरीच ठेवा. आणि पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका, आवक नंबर आणि तारीख शिक्क्यासकट.